दुसऱ्या टोकाचं पोतं

अँटलर बेंच, मोन्टाना
५ एप्रिल १९८४

प्रिय सॉल्वेग,

“एका पोरासाठी घंटा वाजवायची लाज वाटत असेल, तर दोरी माझ्या हातात द्या.” तुझे बाबा हे म्हणाले तेव्हा मला इथे शाळेत शिकवायला लागून जेमतेम सहा आठवडे झाले होते. एकावन्न सालची गोष्ट. शाळामंडळाची सभा चालली होती आणि मी मागच्या बाकावर गुडघे आखडून बसले होते, आपली नोकरी राहते की जाते याची वाट बघत. ते एक पोर म्हणजे तू. तू बाहेर पायरीवर होतीस. तुला ऐकू गेलं होतं का, हे मी कधी विचारलंच नाही.

आज ते वाक्य आठवायला कारण घडलं. परवा मंगळवारी मंडळाची निवडणूक झाली. बाबांच्या जागेसाठी कुणीच अर्ज भरला नव्हता, म्हणून मतपत्रिकेवर नुसती रेघ होती. ज्याला जे नाव सुचेल ते त्याने रेघेवर लिहायचं. आठ मतदार, आठही आले. मी कॉफीचा डबा मतपेटी म्हणून ठेवला आणि रुबार्बचा केक केला. चार वाजता डबा उघडला. चिटणीस म्हणून प्रत्येक चिठ्ठी मोठ्याने वाचायची असते.

तीन कोऱ्या. एकीवर एमिलने आपल्या खेचराचं नाव लिहिलं होतं. आणि चार चिठ्ठ्यांवर हाल्वोर क्वाले.

पहिली वाचली तेव्हा वाटलं, कुणीतरी आठवणीने लिहिलंय. दुसरी मी उलटून पाहिली. चौथीला क्लाइडने टोपी काढली. मग मी कपबश्या विसळत असताना एकेक जण मोरीपाशी आला. क्लाइड म्हणाला, “आर्डिस, मला वाटलं मी एकटाच लिहिणार. म्हटलं, तेवढंच तुला बरं वाटेल.” थोरला ऑस्टबी आला, तोही अगदी हेच म्हणाला. जॉइस हफ आली आणि टॉवेल घेऊन कपबश्या पुसायला लागली. एमिल एवढा बहिरा, तरी त्याला सगळं कळलं होतं. दारातून ओरडला, “माझं खेचर निदान जिवंत तरी आहे!”

तर तुझे बाबा, जाऊन आठ आठवडे झाल्यावर, तीन वर्षांसाठी निवडून आलेत.

काउंटीच्या शिक्षणाधिकारी लिंडक्विस्टबाईंना फोन केला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, जागा रिकामी धरायची, उरलेल्या दोघांनी मिळून माणूस निवडायचा. उरलेले दोघे म्हणजे क्लाइड आणि जॉइस. क्लाइडला शाळा ठेवायची आहे. जॉइसला ती बंद करून आपला सगळा भाग अडतीस मैलांवरच्या हार्लोच्या शाळेला जोडायचा आहे. ते दोघे एका नावावर कसे येणार? पंधरा मेपर्यंत जमलं नाही तर बाई नेमणूक करतील, पण माणूस इथला आणि तयार असलेला हवा. क्लाइडची बायको आणि जॉइसचा नवरा नकोत, एका घरातले दोघे त्यांना चालत नाहीत. ऑस्टबी भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. एमिल त्र्याऐंशीचा. मी चिटणीस, मला सभासद होता येत नाही.

तिसरं मत ज्याचं, शाळा त्याची. तू येशील का? घर निम्मं तुझंच आहे. इथे राहायला आलीस आणि मतदारयादीत नाव घातलंस की पुरे. बाबांच्या खुर्चीत तू बसावंस.

तुझी,
आर्डिस

·

मिनिआपोलिस
१४ एप्रिल १९८४

प्रिय बाई,

तुमचं पत्र मी कामावर वाचलं. इथे ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही तिघी फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो. वाचता वाचता मी हसले, तर शेजारची एडिथ म्हणाली, “काय गं, लग्न ठरलं का काय?” तिला सांगितलं, माझे वडील निवडून आले. तिने अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हटलं. पुढे काय सांगणार?

बाई, मला येता येणार नाही. नोकरी आहे, घराचा करार ऑगस्टपर्यंत आहे. आणि मी पंचवीस वर्षांत तिथे सगळी मिळून पाच वेळा आले असेन. सभेत बसून त्या लोकांना मी काय सांगू?

फेब्रुवारीत बाबांच्या अंत्यविधीला यायला जमलं नाही त्याचं अजून मनाला लागून आहे. बर्फामुळे विमानं बंद होती, ते मी तारेने कळवलं होतंच.

एक विचारू? चार मतं होती. क्लाइड, थोरला ऑस्टबी आणि जॉइस हफ. चौथं कुणाचं?

तुमची,
सॉल्वेग

·

अँटलर बेंच
२० एप्रिल १९८४

प्रिय सॉल्वेग,

मतदान गुप्त असतं. एकतीस वर्षं चिटणीस आहे, एवढं तरी मला पाळायला हवं.

नोकरीचं मला समजतं. पण तुझ्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगते. राज्य मुलांची डोकी मोजून पैसे देतं आणि आपलं डोकं एक. बाकीचा खर्च इथल्या जमिनींवरच्या करातून निघतो. हार्लोला जोडलं गेलो तर त्यांच्या मोठ्या शाळेचा कर आपल्या जमिनीवर बसेल, आतापेक्षा जवळजवळ दुप्पट. निम्मी जमीन आता तुझी आहे. म्हणजे हे तुझंही आहे.

पण खरं कारण ते नाही. तू ट्वायलाला पाहिलेलं नाहीस. जॉइसची मुलगी, नऊ वर्षांची, शाळेतली एकुलती एक. मिस पेल तिला शिकवते, शाळेमागच्या ट्रेलर-घरात राहते. सकाळी मी मंडळाचं टपाल घेऊन जाते तेव्हा ट्वायला एकटी पटांगणात असते, गाणं म्हणत, अगदी तुझ्यासारखी. तुझा तो सीसॉ अजून आहे, फळी दोनदा बदलली. दुसऱ्या टोकाला ओटचं पोतं बांधलेलं. गेल्या सप्टेंबरातही बाबा तिला आपल्या कोठारात घेऊन गेले, धान्याच्या काट्यावर उभं केलं आणि तिच्या वजनाचं पोतं भरलं. तुला भरायचे तसंच. गाठ दोनदा सुटली, पण दोरी त्यांनी स्वतः बांधली.

अशी शाळा हार्लोत कुठून मिळणार? तिथे एका वर्गात तीस मुलं. इथे तिची कुणाशी बरोबरी नाही, कुणी चिडवत नाही, सगळी शाळा तिची. जॉइसला हे कळत नाही. ती बाहेरून आलेली, तिला दुकानं लागतात. कपबश्या पुसताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुझ्या शर्यतीच्या निळ्या फिती माझ्याजवळ आहेत. पाच वर्षांच्या पाच, सगळ्या पहिल्या नंबरच्या. त्या बघितल्या की वाटतं, एवढं सुखाचं बालपण किती जणांना मिळतं? जे तुला मिळालं ते या मुलीला मिळू दे, एवढंच मागतेय.

वर्षभर नको, जूनअखेरपर्यंत ये. एक मत दे आणि जा.

आर्डिस

·

मिनिआपोलिस
२९ एप्रिल १९८४

प्रिय बाई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा फाडणार नाही.

शर्यतीत मी पहिली यायचे, कारण धावणारी मी एकटी होते. तुम्ही शिट्टी वाजवायचात, मी कुंपणापर्यंत धावायचे, तुम्ही टाळ्या वाजवायचात आणि फीत लावायचात. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम चालत गेले. तरीही तुम्ही पहिल्या नंबरची फीत लावलीत. तुम्हाला आठवतंय का? त्या दिवशी मला कळलं की इथे मी काहीही केलं तरी काही फरक पडणार नाही.

बाबांचं ते वाक्य मी ऐकलं होतं. पायरीवर बसून ऐकलं आणि मला लाज वाटली. माझ्या एकटीसाठी मोठी माणसं भांडत होती. मला मनातून वाटत होतं, शाळा बंद होऊ दे. नऊ वर्षांची होते. कुणाला सांगणार? सांगायला तुम्हीच होता, आणि तुमची नोकरी माझ्यावर होती हे मला ठाऊक होतं. आजारी पडले तरी मी यायचे. मी नाही आले तर शाळा नाही, तुम्ही नाही.

आणि मग तुम्ही बाबांशी लग्न केलंत. मी बाबांना विचारलं, आता काय हाक मारायची? ते म्हणाले, “बाईच म्हण, शाळेत गोंधळ नको.” तेव्हापासून घरीही शाळाच. तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही. तुम्ही कधीच वाईट वागला नाहीत. पण जेवतानाही तुम्ही माझं व्याकरण सुधारायचात आणि मी हो बाई म्हणायचे.

त्या पोत्याचं सांगते. ते नेहमी माझ्यापेक्षा जड असायचं. मी बसले की वर जायचे आणि वरच राहायचे. पोतं पाय मारत नाही ना, बाई. खाली यायचं तर उडी मारावी लागायची. बाबा मला काट्यावर उभं करायचे, मोजमाप लिहून घ्यायचे आणि तरी दरवर्षी त्यांचं चुकायचं. मला वाटायचं, त्यांना माझं वजनसुद्धा नीट माहीत नाही.

विमानं बंद नव्हती. तिकीट काढलं होतं. विमानतळावर चार तास बसले आणि परत आले.

चौथं मत तुमचं आहे. तुमच्या पत्रावरून कळतं.

मी येणार नाही. आले असते तर मी जॉइसच्या बाजूने मत दिलं असतं.

सॉल्वेग

·

मिनिआपोलिस
१२ मे १९८४

प्रिय बाई,

तुमचं उत्तर आलं नाही. तुमची पत्रं चौथ्या दिवशी येतात, म्हणून लिहिते.

मी जास्त बोलले. जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण सगळं एकाच पत्रात लिहायला नको होतं. तुम्ही त्या घरात आता एकट्या आहात हे मी विसरले होते. विसरले नव्हते खरं तर, आठवत असूनही लिहिलं.

एडिथने विचारलं, “तुझ्या वडिलांचं राज्य कसं चाललंय?” मी म्हटलं, माहीत नाही.

दोन ओळी पाठवा. बरं नाही का तुम्हाला?

सॉल्वेग

·

अँटलर बेंच
१९ मे १९८४

प्रिय सॉल्वेग,

मी बरी आहे. उत्तर द्यायला उशीर केला, कारण नुसत्या उत्तराने भागणार नव्हतं.

तुझं पत्र पोस्टाच्या पेटीपाशीच वाचलं आणि तशीच शाळेत गेले. ट्वायला सीसॉवर वर टांगलेली होती, पाय हलवत. मी रोज जायचे, रोज हात करून पुढे जायचे. त्या दिवशी थांबले. ते गाणं नव्हतं, सॉल्वेग. ती पोत्याशी बोलत होती.

“कुणाशी बोलतेस?” मी विचारलं.

“मार्जीशी.” तिने पोत्याकडे बोट दाखवलं.

“चांगली आहे का मार्जी?”

तिने पोत्याकडे नीट पाहिलं. “चांगली आहे. पण ती मला खाली येऊ देत नाही.”

मी फळी दाबून तिला खाली घेतलं. ती म्हणाली, “तुम्ही बसता का?” मी म्हटलं, मला काम आहे. खरंच असं म्हटलं मी. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला काहीच काम नव्हतं.

चौथं मत माझंच होतं. ते गेल्यापासून मी त्यांचं नाव फक्त बँकेच्या आणि सरकारी कागदांवर लिहीत होते, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे ‘मयत’ लिहायचं असायचं. त्या रेघेपुढे काही लिहायचं नव्हतं. बस, तेवढंच. मलाही वाटलं होतं की मी एकटीच लिहितेय.

मग मी बाबांची कोठारातली वही काढली. पेरणीच्या, वासरांच्या नोंदी आणि दर सप्टेंबरात तुझी एक ओळ. बावन्न सालची जशीच्या तशी उतरवते: “सॉल्वेग चौसष्ट पौंड. पोतं सदुसष्ट. तीन जास्त, म्हणजे ती वर राहील. वरून तिला मोठा रस्ता दिसतो, कुणी येत असेल तर आधी तिला दिसेल.” दरवर्षी तीन पौंड जास्त, दरवर्षी मुद्दाम. ट्वायलाच्या ओळीतही तीनच.

त्यांना तुझं वजन माहीत होतं, सॉल्वेग. पण त्या रस्त्याने कुणी येत नव्हतं हे आम्हा दोघांना माहीत असायला हवं होतं. शर्यतीत तू चालत गेलीस तेही मला आठवतं. मी समजले होते, तुझा पाय दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी मी जॉइसकडे गेले. हातात केक होता, नाहीतर दारात काय म्हणाले असते? तिने कॉफी ठेवली. मी विचारलं, “तुला शाळा बंद करायची आहे, मग तू हाल्वोरचं नाव का लिहिलंस?”

“माझ्या मुलीला दरवर्षी काट्यावर उभं करणारा माणूस तो एकच होता,” ती म्हणाली. “बाकीच्यांना ती म्हणजे हजेरीपटावरचा आकडा. पण तिला आता माणसं हवीत, आर्डिस. पोतं पुरत नाही.” मग म्हणाली, शाळा असेल ते पाच दिवस ती ट्वायलाला घेऊन हार्लोत खोली करून राहणार, नवरा इथे गुरं बघणार. “मला दुकानं लागतात म्हणून चाललेय असं वाटतं ना तुला? सोमवार ते शुक्रवार माझा नवरा एकटा जेवणार आहे.”

मला तसंच वाटत होतं. तुला तर मी लिहिलंही होतं.

अकरा तारखेला मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. एकतीस वर्षांच्या वह्या दोन खोक्यांत मावल्या. लिंडक्विस्टबाईंना फोन करून म्हटलं, “आता मी चिटणीस नाही. मी इथली आहे आणि मी तयार आहे.” त्या म्हणाल्या, “आर्डिस, तुला काय हवंय ते मला ठाऊक आहे, तू शाळा वाचवणार.” मी काही बोलले नाही. पंधराला नेमणुकीचं पत्र आलं. खरं सांगायचं तर मी त्यांना फसवलं.

सतराला सभा झाली. आठही जण आले, सगळे माझ्याकडे बघून हसत होते. क्लाइडने बाबांची खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवली होती. हार्लोला जोडून घेण्याचा ठराव जॉइसने मांडला. अनुमोदन कोण देणार म्हणून विचारलं, तेव्हा मी हात वर केला.

क्लाइडला आधी वाटलं माझी चूक झाली. “आर्डिस, हा बंद करण्याचा ठराव आहे.”

“माहीत आहे.”

“हाल्वोरच्या खुर्चीत बसून?”

“दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, क्लाइड.”

“तुझा कर दुप्पट होणार आहे, बाई! माझाही!”

“हो. ट्वायला जिथे शिकेल तिथे भरू.”

तो उठून गाडीत जाऊन बसला, पण गाडी चालू केली नाही. थोड्या वेळाने परत आला, विरुद्ध मत दिलं आणि सही केली. दोनाविरुद्ध एक. मिस पेल रडली. तिला हार्लोत घेतील की नाही कुणालाच सांगता येत नव्हतं. थोरला ऑस्टबी धाकट्याकडे वळून म्हणाला, “थंडी आहे का बाहेर?” आणि धाकटा म्हणाला, “आहे.” अकरा वर्षांनी. एमिलला सगळं ओरडून सांगावं लागलं. तो म्हणाला, “मी आधीच सांगितलं होतं खेचराला निवडा. ते निदान जागचं हललं नसतं!” कुणी हसलं नाही. मग क्लाइडच हसला.

तुझा करही वाढणार आहे. तुला न विचारता वाढवला. त्याबद्दल रागावलीस तर तो राग रास्त आहे.

विमानतळाचं वाचलं. त्या दिवशी मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले होते. रस्ता स्वच्छ होता, बर्फ नव्हतं, म्हणून तुझी तार आली तेव्हाच मला कळलं होतं. मीही बोलले नाही. आपल्या घरात कुणीच बोलत नव्हतं, फक्त व्याकरण सुधारत होतो.

एकतीस मेला शाळेचा शेवटचा दिवस. ट्वायला घंटा वाजवणार आहे. दोरी तिच्या हातात द्यायची असं मी ठरवलंय, सभेला न विचारता. तो मंडळाचा शेवटचा निर्णय. पोतं मी कालच सोडलं आणि ओट कोंबड्यांना घातले. आता सीसॉचं एक टोक वर आकाशात आहे आणि दुसरं गवतात. सकाळी जाऊन मी गवतातल्या टोकावर बसले. सत्तावन्नाव्या वर्षी, एकटी. समोर कुणी नसलं की काहीच होत नाही. नुसतं बसून राहावं लागतं.

तेव्हा विचारते. तुझ्या पाच भेटींतून मला जे कळायला हवं होतं ते कळलंय, आणि तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलंय, त्यामुळे उत्तर मला माहीत आहे. तरी विचारते. एकतीसला येशील का? समारंभासाठी नको. तो संपून सगळे गेले की ये, समोरच्या टोकावर बस. मी पाय मारीन, तू खाली येशील.

आणि आता शाळा उरली नाही, गोंधळ व्हायचं कारण उरलं नाही. एकदाच, बाई सोडून दुसरं काहीतरी म्हणून हाक मारशील?

आर्डिस